टेरियरची भीती नको, फाईलची धर

तुझा प्रश्न वाचला आणि माझे तिकडचे दिवस आठवले. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा, उपकरण वॉलप्सहून (नासाचा व्हर्जिनियातला प्रक्षेपण तळ) टेरियर-इम्प्रूव्ह्ड ओरायन या जुन्या क्षेपणास्त्रांच्या मोटरींवरच्या दोन टप्प्यांच्या रॉकेटवर उडणार, आणि शंका दोन. नौदलाच्या जुन्या क्षेपणास्त्राची मोटर ऐन वेळी फुटली तर? आणि तळावरच्या प्रवेशाचे कागद ‘प्रोसेसमध्ये आहेत’ असं विद्यापीठातली कचेरी सांगते, तर नुसतं थांबावं का? पहिली शंका तू चार परिच्छेद लिहिलीस, दुसरी एका ओळीत उरकलीस. नेमकं उलटं हवं होतं. (वयाने लहान असशील असं धरून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.)

साउंडिंग रॉकेट म्हणजे उपकरण काही मिनिटं वर नेऊन खाली पडणारं छोटं रॉकेट, बाकी वर्णन सोडतो. मोटरचं आधी आटपू. या मोटरी परत आणून वापरलेल्या नसतात. लष्कराने सेवेतून काढलेल्या, कधीच न पेटवलेल्या असतात. खालचं टेरियर हे अमेरिकी नौदलाच्या विमानविरोधी क्षेपणास्त्राचं बूस्टर, वरचं ओरायन ही हॉक क्षेपणास्त्राची मोटर. यात नवीन काही नाही. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून जे पहिलं रॉकेट गेलं ते नायकी-अपाची. त्यातलं नायकी म्हणजे सोव्हिएत बॉम्बर पाडायला अमेरिकी शहरांभोवती मांडलेल्या नायकी एजॅक्सचं बूस्टर, आणि टोकाला फ्रान्सचं सोडियम बाष्पाचं उपकरण. आपल्या अवकाश कार्यक्रमाचा नारळच क्षेपणास्त्राच्या बूस्टरवर फुटला म्हण ना.

घन इंधन म्हातारं होतं हे खरं. डबल-बेस इंधनात (नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरीनचं मिश्रण) नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटित होत राहतं आणि त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड शोषायला स्टॅबिलायझर घातलेला असतो. तो किती उरलाय ते तपासतात. काँपोझिट इंधन (रबरासारख्या पदार्थात बांधलेली ऑक्सिडायझरची पूड) वयानुसार कडक होतं, त्याला भेग जाऊ शकते किंवा ते आतल्या अस्तरापासून सुटू शकतं. मग जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो, आणि तू म्हणतोस ते घडतं. म्हणूनच क्ष-किरणांनी मोटरी बघतात, तापमान सांभाळतात. फुटणारच नाही असं कुणी लिहून देणार नाही. पण हे बघणारी माणसं वेगळी आहेत, त्यांचं त्यांना कळतं. तू तुझ्या सर्किट बोर्डाची काळजी कर. टेरियर जेमतेम सहा सेकंद जळतं, पण वीस-पंचवीस जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट जोर) आणि वर भरपूर कंपनं एवढं सगळं त्यात उरकतं, कारण जहाजावरून सुटून विमान गाठायचं होतं. तुझ्या सोल्डरिंगचा विचार कुणी केला नव्हता. जंपर वायर एकही नको. कनेक्टर चिकटवून टाक, एसडी कार्ड टेपने बांध. एवढं पुरे.

आता कागद. मी वकील नाही, नियम बदलत असतात, माझा अनुभव जुना आहे, हे सगळं आधीच सांगून ठेवतो.

आमचा प्रोब आयनोस्फिअरमधली (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर) इलेक्ट्रॉन घनता मोजणारा होता. त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स मी केलेलं. तळावर जायचा अर्ज विद्यापीठातल्या एका कचेरीमार्फत पुढे जायचा होता, आणि दर वेळी विचारलं की गोड आवाजात एकच उत्तर: काम चालू आहे. शेवटी प्राध्यापक स्वतः जाऊन बसले तेव्हा कळलं, अर्ज पुढे गेलेलाच नाही. कुणीतरी इंटरनेटवर ‘टेरियर’ शोधलं, युद्धनौकेवरच्या क्षेपणास्त्राचा फोटो बघितला, आणि परदेशी विद्यार्थी नि क्षेपणास्त्र हे एका कागदावर बघून फाईल ‘नंतर विचारू’ म्हणून बाजूला ठेवली. कुणाला विचारायचं, ते ठरलंच नाही. नकार दिला असता तरी चाललं असतं! नकार मिळाला की माणूस दुसरी सोय करतो.

परिणाम असा की तळावर उपकरण रॉकेटला जोडताना लॅबमधला दुसरा मुलगा आत आणि मी बाहेर हॉटेलात, फोन धरून. आतले फोटो तो पाठवू शकत नव्हता. गेनचा जंपर (सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारी छोटी जोडणी) बेंचवरच्या चाचणीच्या जागी राहिला होता, मी बोर्ड बघितला असता तर पहिल्या नजरेत दिसलं असतं. रॉकेट उत्तम गेलं. म्हाताऱ्या मोटरीने आपलं काम चोख केलं, आणि आमचा सिग्नल ई-स्तराच्या (आयनोस्फिअरचा एक थर) खालीच मोजमापाच्या छताला टेकून तिथेच चिकटला. थिसिसचं एक प्रकरण त्यात गेलं. अजून आठवलं की डोकं फिरतं.

असं मोठ्यांच्या पातळीवरही होतं म्हणून मन घट्ट करायचं. २५ जानेवारी १९९५ ला नॉर्वेतल्या आंडोयाहून ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी ब्लॅक ब्रॅंट १२ उडालं. त्याचाही खालचा टप्पा टालोस या नौदलाच्या क्षेपणास्त्राचा, दुसरा ऑनेस्ट जॉन या लष्करी रॉकेटचा. नॉर्वेने रशियाला आधी कळवलं होतं, पण ते रडारवर बसलेल्यांपर्यंत पोचलंच नाही. त्यांना ते पाणबुडीवरून सुटलेलं क्षेपणास्त्र वाटलं आणि रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांची पेटी उघडली गेली. माझं तर एक प्रकरणच गेलं.

तर माझं मत, पटलं नाही तर सोड. ‘प्रोसेसमध्ये’ हे उत्तर म्हणून धरूच नकोस. कुठल्या तारखेला, कुणाकडे, कुठल्या नावाने पाठवलं हे ईमेलवर माग आणि प्राध्यापकांना सीसीत ठेव. तळाच्या बाजूने तुमच्या मोहिमेचा जो व्यवस्थापक असेल त्याच्याकडे अर्ज पोचला का, हे प्राध्यापकांनीच विचारावं. तू परस्पर विचारलंस तर कचेरी दुखावते. अर्जात ‘माझं काम उपकरणापुरतं, मोटरच्या आराखड्यांशी संबंध नाही’ हे वाक्य पहिल्या ओळीत टाक, आणि रॉकेटबद्दल जे सांगायचं ते नासाच्या जाहीर हँडबुकातूनच घे. ते पहिलं वाक्य खरं असेल तरच हं, उगाच लिहू नकोस. निर्यात-नियंत्रणाच्या अमेरिकी कायद्यात ग्रीन कार्डवाला (कायमचा रहिवासी) परदेशी धरला जात नाही, म्हणून लॅबमधल्या तशा एखाद्याला तुझा बोर्ड आत्तापासून तोंडपाठ करायला लाव. तू आत गेलास तरी ते वाया जात नाही. आणि जंपरच काढून टाक, गेन कायमचा सोल्डर कर. फोनवरून ‘डावीकडचा की उजवीकडचा’ हे संभाषण शत्रूवरही येऊ नये.

जाताजाता: मोहीम उन्हाळ्यात असेल तर वॉलप्सजवळच्या चिंकोटीग गावातली खोली लगेच बुक कर. जुलैच्या शेवटी तिथे घोड्यांना खाडीतून पोहत आणायची जत्रा असते, तेव्हा भाडं ऐकवत नाही. डासांचं औषध ने, आणि गाडी चालवता येत नसेल तर कुणाला तरी आत्ताच पटवून ठेव, तिथे बसच्या भरवशावर राहू नकोस.