चाळिशीनंतर हेवी लायसन्स काढू का? वाचकांचे प्रश्न

यावेळी हेवी, म्हणजे ट्रकसारखी जड गाडी, शिकण्यावर इतके प्रश्न आलेत की बाकीचे पुढच्या वेळी घेतो. विचारणारे बहुतेक चाळीस ते पन्नासमधले, कोणी हॉटेल लाइनवाले, कोणी तारवटी म्हणजे जहाजावर काम केलेले, कोणी कंपनी बंद पडल्यामुळे घरी बसलेले. मी गोव्यात फोंड्याकडे ट्रकवर ड्रायव्हर ठेवतो आणि नव्यांना गाडीवर बसवतोही, तेव्हा उत्तरं थोडी मालकाची वाटली तर समजून घ्या.

प्रश्न: वय ४३, कळंगुटला हॉटेलात स्टोअर सांभाळतो, सीझन संपला की पगार कापतात. कार वीस वर्षं चालवतोय. आता उशीर झाला का, आणि शिकायला किती वेळ लागेल? (म्हापसा)

उशीर-बिशीर काही नाही भाऊ. ट्रान्सपोर्टच्या लायसन्सला कायद्यात कमीत कमी वय आहे, २० वर्षं, वरची मर्यादा नाही. एलएमव्ही, म्हणजे कारसारख्या हलक्या गाडीचं लायसन्स, होऊन एक वर्ष झालं की हेवीचं लर्निंग काढता येतं, सरकारच्या सारथी पोर्टलवर अर्ज, डॉक्टरने भरलेला मेडिकलचा फॉर्म १-अ, मग लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवस थांबायचं आणि सहा महिन्यांच्या आत टेस्ट द्यायची. ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म ५, ट्रान्सपोर्टला लागतोच. आठवी पासची अट होती ती २०१९ला काढली. लायसन्स पाच वर्षांचं मिळतं आणि दर रिन्यूअलला परत मेडिकल.

म्हणजे कागद दोन-तीन महिन्यांत हातात येईल. पण सरकारमान्य ट्रेनिंग सेंटरांसाठी जो कोर्स ठरवलाय तो हेवीला सहा आठवडे, ३८ तासांचा आहे, आणि आपल्याकडे काही स्कूलवाले मैदानात चार फेऱ्या मारायला लावून फॉर्मवर सही देतात. तसला स्कूल घेऊ नका, पैसे वाचतात पण पहिल्याच नोकरीत उघडे पडाल. फी भरायच्या आधी सरळ विचारा, स्टीअरिंग माझ्या हातात किती तास, आणि लोड भरलेल्या गाडीवर एकदा तरी बसवणार का.

तुमची वीस वर्षांची कार उपयोगी आहे, रस्ता वाचता येतो. तिच्या सवयी मात्र मोडाव्या लागतात. कारमध्ये पुढचं चाक तुमच्या पुढे असतं, ट्रकमध्ये तुम्ही चाकाच्या वर नाहीतर पुढेच बसलेले असता, त्यामुळे वळणावर नाक बरंच पुढे नेऊन मग स्टीअरिंग कापायचं, नाहीतर मागची चाकं आतून येऊन गटार, स्कूटर, बाजारातली दुकानाची पायरी, जे असेल ते घेऊन जातात. कारवाले सगळे इथेच चुकतात.

आणि नोकरी आत्ता सोडू नका. जून ते सप्टेंबर तुमचं हॉटेल तसंही थंड असतं, तोच तुमचा शिकायचा काळ. पावसात शिकलेला माणूस ब्रेक जपून मारतो हा वरचा फायदा.

प्रश्न: मिस्टर १४ वर्षं बोटीवर होते, आता ४७चे आहेत, घरी बसून चिडचिड करतात. त्यांना लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचाय, मुंबई-बेंगळुरू. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मी अडवू की नको? (वास्को)

ताई, अडवू नका, पण लांब पल्ल्याला तूर्त नाहीच म्हणा. शुगर गोळ्यांवर कंट्रोलमध्ये असेल तर तेवढ्यामुळे कोणी ट्रक सोडत नाही, माझ्याकडेच असे दोघं आहेत. प्रश्न रुटीनचा आहे. लाइनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रिपांवर, जेवण वेळेवर नाही, ढाब्यावर तेल आणि भात, लोडिंगला नंबर लागेपर्यंत पाच-सहा तास बसून, मग रात्री एकदम सुटायचं. इन्शुलिन किंवा शुगर खाली पाडणाऱ्या गोळ्या असतील तर जेवण चुकलं की घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि हे सगळं २५-३० टनाची गाडी हातात असताना. कुठली गोळी शुगर पाडते, कुठली नाही, हे त्यांच्या डॉक्टरला स्पष्ट विचारा आणि आपण ट्रक चालवणार आहोत हे सांगूनच विचारा. मी जॉइन करताना तीन महिन्यांच्या सरासरीचा, एचबीएवनसीचा रिपोर्ट मागतो. फॉर्म १-अमध्ये डॉक्टर २५ मीटरवरून नंबर प्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, ऐकू कसं येतं असलं बघतो, तेवढं पास झालं म्हणजे तब्येत लाइनची आहे असं होत नाही.

दुसरी गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून मीच विचारतो. ते घोरतात का? झोपेत मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकतात का, आणि दुपारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या डोळा लागतो का? तिन्हीला हो असेल तर आधी झोपेची तपासणी करून घ्या. रात्री दोन ते पाच या वेळात शरीर आपोआप मंदावतं, चहा, तंबाखू, मोठ्याने गाणी, काही चालत नाही, गाडी बाजूला घेऊन झोपणं एवढाच उपाय. कागदावर ड्युटी दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. लाइनवर ते किती पाळतात ते कुठल्याही ढाब्यावर पहाटे जाऊन बघा.

त्यांचं मन मात्र मी समजू शकतो. बोटीवर राहिलेल्या माणसाला घर काही महिन्यांत अंगावर येतं. त्यांना आधी लोकल लावा, वेर्णा, कुंडई, मडकईच्या इंडस्ट्रियल इस्टेटींतून माल उचलून संध्याकाळी घरी, किंवा कचऱ्याच्या गाड्या, पाण्याचे टँकर, रेडी मिक्स काँक्रीटच्या गाड्या. वर्षभर केल्यावर पण लाइनची ओढ राहिली तर मग पुढचं बघा. नवीन गाड्यांत, म्हणजे १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या ट्रकांत, एसी केबिन सक्तीची झालीय, तेवढं तरी बरं झालं, मे महिन्यात इंजिनवर बसून काय होतं ते आम्ही भोगलंय.

प्रश्न: मायनिंग परत चालू होतंय म्हणतात. मेव्हणा सांगतो लोनवर टिपर (मागची बॉडी उचलून माल ओतणारा ट्रक) घे, स्वतः चालव, ड्रायव्हरचा पगार वाचेल. वय ४६, लायसन्स अजून काढायचंय. (सांगे)

लायसन्स काढा, टिपर घेऊ नका. निदान पहिली दोन वर्षं तरी नाही.

सांगेवाल्याला मी काय सांगणार, तुमच्या वाड्यावरच गंजलेल्या बॉड्या पडलेल्या असतील. सप्टेंबर २०१२ला मायनिंग बंद झालं तेव्हा उसगाव, धारबांदोडा, कुडचडे, डिचोली, जिथे बघाल तिथे हप्त्यावरचे टिपर उभे राहिले. बँका दारात आल्या, शेवटी सरकारला कर्जात सवलतीची योजना काढावी लागली. २०१५ला परत थोडं सुरू झालं म्हणून लोकांनी गाड्या रंगवल्या, इन्शुरन्स भरले, आणि फेब्रुवारी २०१८ला सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, १६ मार्चपासून परत सगळं बंद. आता डिसेंबर २०२२ पासून खाणींच्या ब्लॉकांचा लिलाव होतोय, काही ठिकाणी काम सुरू झालंय, खरं आहे. पण कुठला ब्लॉक कधी सुरू होणार, गाडीला दिवसाला ट्रिप किती मिळणार, रेट काय बसणार, हे तुमच्या हातात नाही आणि मेव्हण्याच्या पण नाही. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणार, पावसातले चार महिने खाणीवर ट्रिप नसली तरी.

ड्रायव्हरचा पगार वाचेल हा हिशोब तर मला कधी पटलाच नाही. नवीन माणूस टिपरवर पहिल्या वर्षात क्लच प्लेट, टायर, गिअर बॉक्स यांवर जे उडवतो त्यात ड्रायव्हरचा पगार कधीच निघून जातो. दुसऱ्याच्या गाडीवर ते शिकावं, मालक शिव्या देतो पण हप्ता त्याचा असतो. आणि टिपरवर मागची बॉडी उचलताना जमीन सपाट आहे का, वर वायर आहे का, हे न बघणारे अजून आहेत, ओला माल एका बाजूला चिकटून राहिला की गाडी आडवी. हे आधी दुसऱ्याच्या साइटवर, चांगल्या माणसाच्या शेजारी बसून बघून घ्या.

ओव्हरलोडला कोणी दबाव आणला तर आकडा लक्षात ठेवा: २०,००० दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल तिथेच उतरवायला लावतात. कलमात नुसता मालक नाही, चालवणारा पण येतो.

प्रश्न: मी ३९ वर्षांची, शाळेची व्हॅन चालवते. बाई ट्रकवर चालेल का? (पेडणे)

चालेल ना, का नाही चालणार. एअर ब्रेक, पॉवर स्टीअरिंगच्या गाड्यांना आता ताकद लागत नाही. खरी अडचण रस्त्यावरच्या टॉयलेटची आणि रात्री गाडी कुठे लावून झोपायची याची, ती मी गोड करून सांगणार नाही.

पण तुम्हाला हेवीची एकदम गरज पण नाही. ६ नोव्हेंबर २०२४ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलंय की एलएमव्ही लायसन्सवर ७,५०० किलो ग्रॉस वजनापर्यंतची, म्हणजे माल धरून एकूण वजनाची, ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते. म्हणजे पिकअप, छोटा टेम्पो तुम्ही आजच्या लायसन्सवर धरू शकता, गाडीच्या आरसीवर ग्रॉस वजन तेवढं बघून घ्या, बस. भाजी, औषधं, बेकरीचा माल, पेडण्याहून पर्वरी-पणजी. वर्षभर करा, मालाची, चलन-बिलांची, आरशांत बघून मागे घ्यायची सवय होईल, मग हेवी.

प्रश्न: अपघात झाला की ट्रकवाल्याला दहा वर्षं आत टाकतात हे खरं का? घरचे त्यावरूनच नको म्हणतात. (डिचोली)

तो नवीन कायद्यातला, भारतीय न्याय संहितेतला कलम १०६(२)चा भाग. न कळवता पळून जाणाऱ्यासाठी दहा वर्षांपर्यंत शिक्षा असं त्यात आहे. त्यावरून जानेवारी २०२४ला ड्रायव्हरांचा संप झाला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या ते आठवत असेल, आणि १ जुलै २०२४ला बाकीची संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवलं. हलगर्जीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत, ते लागू आहे. थांबायचं, जखमीला मदत करायची, पोलिसांना कळवायचं. जमाव अंगावर येत असेल तर तिथेच उभं राहिलं पाहिजे असं नाही, मोटार वाहन कायद्यातच जमावाच्या रागाची सूट दिलेली आहे, अशावेळी ११२ लावा आणि सरळ जवळचं पोलीस स्टेशन गाठा.

प्रश्न: लायसन्स मिळालं, वय ४५. पहिली नोकरी मिळतेय ती बेळगावहून माल आणायची, घाटाची भीती वाटते. काय करू? (फोंडा)

भीती वाटते ते चांगलंच आहे, न वाटणाऱ्याला मी गाडी देत नाही.

अनमोड घाट चढताना फार काही नाही, गाडी दमते एवढंच, प्रश्न मोलेकडे उतरताना. उतार सुरू व्हायच्या आधी, वर असतानाच गिअर खाली घ्यायचा. ज्या गिअरमध्ये हा उतार चढला असता त्याच गिअरमध्ये, किंवा त्याच्या एक खाली, उतरायचं. अर्ध्या उतारावर गिअर पाडायला गेलात आणि पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सुटते. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक, चालू ठेवायचा. पायाचा ब्रेक सारखा चोळत बसायचं नाही, ठामपणे मारून स्पीड खाली आणायचा आणि सोडायचा, नाहीतर ब्रेकचे लायनर तापतात, जळका वास येतो आणि पुढच्या वळणाला पेडल दाबून काही होत नाही. उगाच फटाफट पेडल मारलंत तर टाकीतली हवा संपते, प्रेशरच्या काट्यावर नजर हवी. वास आला तर जागा बघून थांबा, मागचा हॉर्न मारू दे.

डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरा असं कोणी जुना ड्रायव्हर सांगेल. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असताना डिझेल जातच नाही, न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगला जातं. म्हणजे वाचत पण नाही आणि जीव पण जातो.

जॉइन व्हायच्या आधी मालकाला सांगा, पहिल्या काही ट्रिपा अनुभवी ड्रायव्हर सोबत द्या, निदान एक रिकामी आणि एक भरलेली. नाही म्हणाला तर ती नोकरी सोडा. हो म्हणाला तर बाकीचं विचारून घ्या: पगार किती आणि भत्ता किती हे वेगवेगळं, भत्त्यातून जेवण सोडून आणखी काय काय भागवायचं, पंक्चर कोणाच्या खिशातून, गाडी लोडिंगला अडकून राहिली तर हॉल्टचे पैसे मिळतात का, पीएफ कापतात का, आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सुट्टी मिळणार का. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, माझ्याकडे सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच होतात.