फ्लोरिडात जुनी गोल्फ कार्ट रस्त्यावर कायदेशीरपणे चालवायची तर काय काय करावं लागतं?

तुम्ही विचारलंय की फ्लोरिडात घर घेतलंय, शेजारी त्याची जुनी 48 व्होल्टची गोल्फ कार्ट विकतोय, आणि आई-बाबा भारतातून राहायला आले की त्यांना ती घेऊन ग्रोसरीपर्यंत जाता यावं. तर तिला हेडलाइट आणि इंडिकेटर बसवले की ती रस्त्यावर चालते का? नुसत्या लाइटांनी काम होत नाही. पण गंमत म्हणजे, तुमच्या गरजेसाठी ते बसवायची गरजच नसेल, असंही असू शकतं. माझ्याकडे अशी बदलून घेतलेली, नंबर प्लेट असलेली कार्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खिशातला पाना-स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि घर ते दुकान हा रस्ता नकाशावर बघा. प्रत्येक तुकड्यावर वेगमर्यादेची पाटी किती आहे ते स्वतः गाडीने जाऊन पाहून या. सगळा निकाल तिथेच लागतो. वाटेत ताशी 45 मैल वेगमर्यादेचा मोठा रस्ता असेल आणि त्यावरून थोडंही अंतर कापावं लागणार असेल, तर कार्टवर कितीही पैसे ओता, ती तिथे कायद्याने चालणार नाही. विषय संपला, साधी सेकंडहँड गाडी बघा.

असा रस्ता नसेल तर पुढचं वाचा.

फ्लोरिडाच्या कायद्यात एकसारख्या दिसणाऱ्या दोन वेगळ्या जाती आहेत. ताशी 20 मैलांच्या वर जाऊच शकत नाही ती गोल्फ कार्ट. 20 च्या वर पण जास्तीत जास्त 25 मैल जाते ती लो स्पीड व्हेइकल, जिला सगळे एलएसव्ही म्हणतात. दोन्हींत फरक दिव्यांचा नाही, वेगाचा आहे, हे डोक्यात पक्कं बसवा, कारण दुकानदारसुद्धा इथे गोलमाल बोलतात. ही 20 ची रेघ आली ती अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमांतून. 20 मैलांच्या आतली कार्ट त्यांच्या लेखी रस्त्यावरचं वाहनच नव्हतं, आणि 20 ओलांडली की तिला पूर्ण मोटारगाडीचे सगळे सुरक्षा नियम लागू व्हायचे, जे कुठलीच कार्ट पाळू शकत नाही. काही राज्यं मात्र 25 मैलांपर्यंतच्या कार्टना रस्त्यावर येऊ देत होती. हा घोळ निस्तरायला 1998 साली केंद्राने मधला एक वर्ग काढला आणि त्याच्यासाठी एफएमव्हीएसएस 500 हे छोटं सुरक्षा मानक लिहिलं. आज रस्त्यावर दिसणाऱ्या सगळ्या प्लेटवाल्या कार्ट त्याच नियमाची पिलावळ.

आता तुमचा सोपा मार्ग. शहराने किंवा काउंटीने (म्हणजे इथल्या जिल्ह्याने) काही रस्ते गोल्फ कार्टसाठी ठरवून दिलेले असतात. द व्हिलेजेस या निवृत्तांच्या मोठ्या वसाहतीसारख्या ठिकाणी तर कार्टसाठी वेगळ्या वाटा आणि बोगदे आहेत. तुमचा रस्ता अशा यादीत असेल तर साधी, 20 मैलांच्या आतली कार्ट तशीच चालते. ना प्लेट, ना रजिस्ट्रेशन. ब्रेक चांगले हवेत, स्टिअरिंग भरवशाचं हवं, टायर ठीक हवेत, मागचं बघायला आरसा आणि पुढे-मागे लाल रिफ्लेक्टर हवेत. सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच मुभा असते. स्थानिक नियमाने रात्री परवानगी दिली असेल तर हेडलाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि विंडशील्डही लागतं. ऑक्टोबर 2023 पासून एक बदल झालाय: 18 वर्षांखालच्या मुलांना लायसन्स किंवा लर्नर परमिट हवं, आणि 18 च्या पुढच्यांना सरकारी फोटो ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं. तुमच्या आई-बाबांचा पासपोर्ट त्यासाठी पुरेसा आहे. म्हणजे या मार्गाने त्यांना लायसन्सचीही भानगड नाही. अर्थात कार्ट आहे म्हणून एखादा पेग मारून चालवली तर चालेल असं कुणी समजू नये. दारू पिऊन वाहन चालवण्याचा कायदा कार्टलाही तसाच लागतो.

तुमचा रस्ता यादीत आहे का, हे शहराच्या किंवा काउंटीच्या कार्यालयात विचारा. वसाहतीच्या असोसिएशनचं कुणी 'सगळेच चालवतात' म्हणालं तर त्यावर जाऊ नका. असोसिएशनचे अंतर्गत रस्ते खाजगी असले तर तिथे त्यांचं चालतं, गेटबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर नाही.

यादीत नाही, पण वेगमर्यादा 35 किंवा कमी आहे? मग एलएसव्ही. 35 पर्यंतच्या रस्त्यांवर ती चालवता येते, आणि त्याहून वेगवान रस्ता चौकात आडवा ओलांडताही येतो. (एखादा विशिष्ट रस्ता धोक्याचा म्हणून शहर किंवा काउंटी बंद करू शकते, तेही विचारून घ्या.) इथे मात्र चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवंच. पाहुणे म्हणून आलेल्यांना आपल्या देशाचं चालू लायसन्स चालतं. बाबांचं संपलेलं असेल तर निघण्यापूर्वी तिकडेच नूतनीकरण करून घ्या.

एलएसव्हीला काय काय लागतं: हेडलाइट, टेललाइट, ब्रेक लाइट, पुढचे-मागचे इंडिकेटर, रिफ्लेक्टर, पार्किंग ब्रेक, आरसे, विंडशील्ड, प्रत्येक सीटला सीटबेल्ट आणि सतरा अक्षर-अंकांचा व्हिन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक. ही यादी सगळ्यांना पाठ असते. प्रत्यक्षात माणसं अडकतात ती भलतीकडेच.

एक म्हणजे वायरिंग. तुमच्या कार्टमध्ये बहुधा 8 व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या असतील. दिवे असतात 12 व्होल्टचे. मग हौशी मेकॅनिक काय करतो, की दोन बॅटऱ्यांवरून तार ओढतो आणि दिवे पेटवतो. दिवे छान पेटतात. पण त्या दोन बॅटऱ्या बाकीच्यांपेक्षा रोज जास्त रिकाम्या होतात. चार्जर मात्र सहाही एक साखळी समजून चार्ज करतो. त्या दोन कायम अर्धपोटी राहतात, उरलेल्या चार गरजेपेक्षा जास्त चार्ज खातात, आणि पूर्ण संच वेळेआधी जातो. म्हणून पूर्ण 48 व्होल्टवर बसणारा, त्याचे 12 व्होल्ट करून देणारा व्होल्टेज रिड्यूसर लावा, किमान 20 अँपियरचा, आणि त्याच्या तारेला बॅटरीजवळच फ्यूज द्या. एलईडी दिवे फारशी वीज खात नाहीत, पण हॉर्न दाबला की एकदम मोठा करंट ओढतो; हलका रिड्यूसर असेल तर हॉर्नबरोबर हेडलाइट मिचमिचतात. जुन्या कार्टच्या ब्रेक पेडलला ब्रेक लाइटचं बटण मुळात नसतंच, तेही बसवावं लागतं. किट घेताना ते त्यात आहे का बघा, स्वस्त किटमध्ये हेच गाळलेलं असतं.

दुसरं विंडशील्ड. ऑनलाइन मिळणारी, मधून घडी होणारी ॲक्रिलिकची काच दिसायला झकास, वाऱ्यालाही अडवते. पण रस्त्यासाठी काच मानकातली हवी, आणि त्याची खूण काचेच्या कोपऱ्यात कोरलेली असते. लॅमिनेटेड काचेवर डॉट (DOT, अमेरिकी वाहतूक खात्याची खूण) आणि एएस-1 (AS-1, काचेचा दर्जा) असं बारीक अक्षरात दिसेल. तपासणीला गेलात की अधिकारी वाकून आधी तो कोपरा बघतो. तसंच दिव्यांच्या भिंगावर डॉट किंवा एसएई (SAE, वाहन अभियंत्यांच्या संस्थेची खूण) ही अक्षरं हवीत आणि बेल्टच्या पट्ट्यावर मानकाचं लेबल शिवलेलं हवं. मागे उलटी तोंडं करून बसायची सीट असेल तर तिथेही बेल्ट लागतात, हे पुष्कळजण विसरतात.

तिसरी गोष्ट वेग. शेजाऱ्याची जुनी कार्ट 12 ते 15 मैलांनी धावत असणार. दिवे, काच, बेल्ट सगळं बसवलं तरी ती 20 ओलांडत नसेल तर ती एलएसव्ही नाहीच. वेग वाढवायचा तर मॉडेलनुसार कंट्रोलरचं (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या भागाचं) सेटिंग, मोटर किंवा दोन्ही बदलावं लागतं. मोठ्या टायरनेही थोडा वाढतो. पण 25 च्या वर गेलात तर पुन्हा पूर्ण मोटारगाडीचे नियम, म्हणजे दरवाजा बंद. आणि हेही बघा की जुन्या कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, तेही तारेने ओढले जाणारे ड्रम. 14 मैलांना जे पुरतं ते 24 ला पुरेलच असं नाही. उंच केलेली, मोठ्या चाकांची कार्ट वळणावर कलते ती वेगळीच. माझं स्पष्ट मत: वेग वाढवण्याआधी ब्रेकवर खर्च करा, नाहीतर वाढवूच नका.

उलटा प्रकारही सर्रास चालतो. म्हणजे कार्ट 22-23 मैलांची करून घ्यायची, रजिस्ट्रेशन मात्र करायचं नाही, आणि गोल्फ कार्टच्या रस्त्यावर फिरवायची. ती आता गोल्फ कार्ट राहिलेली नसते. ती बिनप्लेटची, बिनविम्याची एलएसव्ही झालेली असते, आणि पोलिसांकडे वेग मोजायचं यंत्र असतंच. जुनी कार्ट विकत घेताना हेच तपासा. आधीच्या मालकाने काय उद्योग करून ठेवलेत ते दिसायला ती दहा मिनिटं सरळ सपाट खाजगी रस्त्यावर, फोनच्या जीपीएसवर वेग बघत चालवावी.

आता कागदपत्रं. कार्टच्या डॅशबोर्डखाली जो नंबर असतो तो कारखान्याचा सिरियल नंबर, व्हिन नव्हे. व्हिन मिळतो तो राज्याच्या मोटर वाहन खात्याच्या विभागीय कार्यालयात, तपासणीनंतर. तिथे कार्ट ट्रेलरवर घालून न्यायची, चालवत नाही, कारण अजून ती रस्त्यावर यायला पात्र नाही. सोबत लागतात: गाडी कुणी बांधली त्याचं निवेदन म्हणजे 84490 क्रमांकाचा फॉर्म, गोल्फ कार्टची एलएसव्ही केल्याचं प्रतिज्ञापत्र म्हणजे 86064, टायटलचा म्हणजे मालकीच्या कागदाचा अर्ज 82040, प्रमाणित वजनाची पावती, कार्टचं बिल आणि बसवलेल्या सगळ्या भागांच्या पावत्या. या पावत्यांसाठी पहिल्या दिवसापासून एक पाकीट करा. त्यांच्यावरून सेल्स टॅक्स भरल्याचं बघतात, आणि साधी आरशाची पावती सापडली नाही तरी खिडकीवर उगाच खोळंबा होतो. जाण्याआधी फोन करून वेळ घ्या आणि फॉर्मची यादी पुन्हा विचारा. शुल्कात टायटल, प्लेट आणि वजनावरची नोंदणी येते. तुमच्या नावावर फ्लोरिडात आधी प्लेट नसेल तर पहिल्या नोंदणीचे 225 डॉलरही लागू शकतात.

विमा नोंदणीच्या आधीच हवा. किमान दहा हजार डॉलरचं पीआयपी (चूक कुणाचीही असो, आपल्या इलाजाचा खर्च देणारं कव्हर) आणि दहा हजारांचं मालमत्ता नुकसानीचं कव्हर, म्हणजे चारचाकीला असतं तेच. बदललेल्या कार्टला हा विमा द्यायला सगळ्या कंपन्या तयार नसतात, म्हणून पार्ट मागवण्याआधी दोन-तीन एजंटांना फोन करा. आणि साध्या गोल्फ कार्टला विमा सक्तीचा नसला तरी घ्याच. घराच्या पॉलिसीत कार्ट येते असं लोक गृहीत धरतात. बहुतेक वेळा ते आपल्या आवारापुरतंच असतं.

एवढं सगळं वाचून तुम्ही विचाराल, करू की नको? एलएसव्हीच हवी असेल तर जुनी कार्ट बदलण्यापेक्षा कारखान्यातून एलएसव्ही म्हणूनच आलेली, वापरलेली घ्या. तिला व्हिन असतो, मानकाचं लेबल असतं, नव्या मॉडेलना मागचा कॅमेरा आणि हळू चालताना पादचाऱ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढणारी सोयही असते. किटचे पैसे, रिड्यूसर, काच, बेल्ट, कंट्रोलर, ट्रेलरचं भाडं आणि तुमचे शनिवार-रविवार धरले तर फरक फारसा उरत नाही. मी बदलून घेतली ती हौस होती म्हणून. आणि कुठलीही एलएसव्ही घेतली तरी तिला एअरबॅग नाहीत, धडकेच्या चाचण्या तिला लागू नाहीत. 35 च्या रस्त्यावर मागून 45 ने येणारी पिकअप तिच्याच बाजूने वळसा घालते, हे आई-बाबांना आधी शेजारी बसवून दाखवा.

दुसऱ्या राज्यातल्या कुणाचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. साउथ कॅरोलिनात साध्या कार्टला परमिट मिळतं, पण घराच्या पत्त्यापासून चार मैलांच्या आत, तेही 35 पर्यंतच्या दुय्यम रस्त्यांवर. जॉर्जियातल्या पीचट्री सिटीत शहरभर कार्टच्या वाटा आहेत आणि नोंदणी शहराकडे होते. तिथलं इथे चालत नाही.

शेवटचं, शेजाऱ्याच्या कार्टबद्दल. जाहिरातीत किंवा तोंडी कुणी ती 'स्ट्रीट लीगल' आहे म्हणाला, तर फक्त टायटल दाखवा म्हणायचं. त्यावर व्हिन आणि लो स्पीड व्हेइकल असं लिहिलेलं असेल तर ठीक. टायटल नसेल तर ती गोल्फ कार्ट आहे. तेवढेच पैसे द्या.