तो ‘अपराधी’ चेहरा

प्रश्न : आमचा कुत्रा दोन वर्षांचा आहे. मी बाहेर गेले की चपला कुरतडतो. परत आले की कान पाडून, अंग चोरून कोपऱ्यात बसतो. म्हणजे चूक कळते ना? मग रागावूनही सुधारत का नाही?

उत्तर : ताई, या चेहऱ्याने मलाही फसवलंय. फाटलेल्या उशीवरून आमच्या कुत्रीला एकदा चांगलंच झापलं. ती बिचारी जमिनीला चिकटली. संध्याकाळी कळलं, उशी धाकट्या चिरंजीवांनी फाडली होती!

2009 साली कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी हेच तपासून पाहिलं. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला आहे की नाही, याचा त्या चेहऱ्याशी संबंध दिसला नाही. मालक रागावला की तो चेहरा यायचा. उलट, खाऊला न शिवताही बोलणी खाणारी कुत्री जास्त ‘अपराधी’ दिसली.

तुमचा कुत्रा चपलेचा नाही, तुमच्या आवाजाचा, ताठलेल्या खांद्यांचा अर्थ लावतोय. दुपारी कुरतडलेली चप्पल आणि संध्याकाळचा ओरडा यांची सांगड त्याला घालता येत नाही. त्याला एवढंच कळतं, की तुम्ही दारातून आलात की काहीतरी बिनसतं.

चपला कपाटात ठेवा. चावायला त्याचं खेळणं द्या आणि ते तोंडात धरल्या क्षणीच शाबासकी द्या. दोन मिनिटांनी दिलेली वाया जाते. एकटा असताना दारच ओरबाडत असेल, लाळ गाळत असेल, तर मात्र तो खोडकरपणा नव्हे, भीती आहे. पशुवैद्यांना दाखवा.