तीन पत्ती खेळणाऱ्यांच्या पोकरविषयक शंका

प्रश्न : आमच्या घरी दिवाळीत वर्षानुवर्षे तीन पत्ती खेळली जाते. यंदा पुण्याहून आलेल्या पुतण्याने पोकर शिकवला आणि पहिल्याच डावात वाद झाला. माझ्याकडे सिक्वेन्स (ओळीने येणारे पत्ते) होता, त्याच्याकडे नुसता कलर (एकाच चिन्हाचे पत्ते) होता, तरी डाव त्याने उचलला. हे बरोबर आहे काय?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : पुतण्याने आपल्याला फसवलेले नाही. पोकरचा जो प्रकार सध्या सर्वाधिक खेळला जातो, त्या टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि मधोमध सर्वांसाठी आधी तीन, मग एक आणि शेवटी आणखी एक असे पाच पत्ते उघडले जातात. या सातांतून आपले उत्तम पाच पत्ते धरायचे असतात. आपल्या वादाचे मूळ या पाचाच्या आकड्यात आहे. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६ असतात, म्हणजे सिक्वेन्स अधिक दुर्मीळ, म्हणून तो मोठा. पाच पत्त्यांचे प्रकार मात्र २५,९८,९६० होतात आणि त्यांत साधे सिक्वेन्स १०,२००, तर कलर, ज्याला पोकरमध्ये फ्लश म्हणतात, केवळ ५,१०८ असतात. पारडे उलटते ते इथे.

पोकरमध्ये हातांचा क्रम दुर्मीळतेवरूनच लागतो. सर्वांत खाली नुसता मोठा पत्ता, त्यावर एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, सिक्वेन्स, फ्लश, तीन सारखे व एक जोडी मिळून होणारे फुल हाउस, चार सारखे आणि सर्वांत वर एकाच चिन्हाचा सिक्वेन्स. आपल्याकडे जी ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते, सर्वांवर मात करते, ती इथे साध्या सिक्वेन्सपुढे पडते, हे विशेष ध्यानात ठेवावे. तीन पत्तीत हे गणित काटेकोर पाळलेले नाही, हेही सांगायला हवे : प्युअर, म्हणजे एकाच चिन्हाच्या, सिक्वेन्सचे प्रकार ४८ आणि ट्रेलचे ५२ असूनही ट्रेलच मोठी मानली जाते, आणि त्यावरून कोणाच्या घरी भांडण झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

प्रश्न : पोकरमध्येही ब्लाइंड असतो असे ऐकले. मग पत्ते न पाहता खेळण्यात फायदा आहे का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : शब्द एक असला तरी वस्तू वेगळी आहे. तीन पत्तीत न पाहता खेळणाऱ्याला पाहिलेल्याच्या निम्म्यात चाल करता येते, म्हणून तिथे ब्लाइंड खेळण्याला काही अर्थ असतो. पोकरमधला ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्यापूर्वी वाटणाऱ्याच्या डावीकडील दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम. पहिल्याने लहान, दुसऱ्याने साधारण तिच्या दुप्पट. पुढे कोणालाही सवलत नाही, तेव्हा आपले पत्ते जरूर पाहावेत. वाटपाचा मान दर डावाला डावीकडे सरकत असल्याने हा भार सर्वांवर सारखाच पडतो.

प्रश्न : मला बहुतेक डावांत काहीतरी लागेल असे वाटत राहते आणि मी शेवटपर्यंत थांबते. पत्ते केव्हा टाकावेत याचा काही हिशेब आहे का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आहे, आणि या खेळातले मुख्य कसब मला तोच हिशेब वाटतो. गेल्या कोजागरीला आमच्या गच्चीवर, मसाला दूध आटत असताना, आम्ही प्रत्येकी शंभर चिंचोके घेऊन बसलो होतो. माझ्या हातात बदामचा राजा आणि बदामची दश्शी होती. मधे बदामची छक्की, बदामची तिर्री आणि इस्पिकचा एक्का उघडला. म्हणजे चार बदाम झाले, पाचवा आला की फ्लश. पॉटमध्ये, म्हणजे सर्वांनी लावलेल्या ढिगात, ६० चिंचोके होते आणि समोर बसलेल्या मामांनी आणखी ३० सरकवले. त्यांच्याकडे एक्क्याची जोडी असणार हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होते.

न दिसलेले पत्ते ४७, त्यांत उरलेले बदाम ९. पुढच्याच पत्त्याला बदाम येण्याची शक्यता सुमारे १९ टक्के झाली. मला ९० चिंचोके जिंकण्यासाठी ३० घालायचे होते, म्हणजे एकूण १२० मध्ये माझा वाटा २५ टक्के. किंमत २५ आणि शक्यता १९, हा सौदा तोट्याचा होता. मामांनी ३० ऐवजी १५ च लावले असते, तर ९० मध्ये १५, म्हणजे १७ टक्क्यांहूनही कमी किंमत पडली असती आणि मी आनंदाने थांबले असते. उरलेले दोन्ही पत्ते धरले तर बदाम येण्याची शक्यता ३५ टक्क्यांपर्यंत जाते खरी, परंतु पुढच्या पत्त्यानंतर मामा पुन्हा चिंचोके लावणार नाहीत याची हमी कोण देणार? फ्लश लागल्यावर त्यांच्याकडून आणखी बरेच निघतील अशी खात्री असती, तर थोडी महाग किंमतही चालली असती. पण तिसरा बदाम मधे दिसताच मामा पत्ते टाकतात, हे आम्हाला ठाऊक आहे. मी पत्ते टाकले. पुढचा पत्ता बदामची राणी निघाला आणि घरच्यांनी मला अजून सोडलेले नाही, तरी निर्णय योग्यच होता.

आपण ज्या जागी बसता तीही पाहावी. मधले पत्ते उघडू लागले की वाटणारा शेवटी बोलतो, म्हणून इतरांचे पवित्रे पाहून तो अधिक हात खेळू शकतो. सर्वांआधी बोलावे लागणाऱ्याने मोठ्या जोड्या, एक्का-राजा अशा भरीव पत्त्यांवरच उतरावे.

प्रश्न : खोटे लावून, म्हणजे हातात काही नसताना रक्कम लावून, डाव मारणे किती वेळा साधावे लागते? आणि मोबाइलवर पैसे लावून सराव करावा का?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : पॉट १०० चा असताना आपण ५० खोटे लावले, तर तीनपैकी एकदा समोरच्याने पत्ते टाकले तरी आपले नुकसान होत नाही; पूर्ण १०० लावले तर दोनपैकी एकदा टाकले पाहिजेत. मात्र हा हिशेब पत्ते टाकणाऱ्या माणसासमोरच चालतो. तीन पत्तीतून आलेली मंडळी ‘पाहूनच घेऊ’ म्हणून शोपर्यंत, म्हणजे शेवटी पत्ते दाखवेपर्यंत, येतात. त्यांच्यापुढे खोटे लावण्यापेक्षा चांगला हात आल्यावर भरपूर लावणे अधिक लाभाचे ठरते.

मोबाइलविषयी सांगायचे तर, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे. प्रत्यक्ष बैठकीसाठी महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट असली, तरी गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवले होते आणि अन्यत्र वेगळे निकालही आले आहेत. सरावासाठी चिंचोके पुरतात. फक्त डाव सुरू होण्यापूर्वी ते मोजून घ्यावेत, कारण आमच्या मामांच्या खिशात ते आधीपासूनच असतात.