दादाच्या गाडीत मात्र झोप लागते

"मॅडम, नवरा गाडी फार जोरात चालवतो. शेजारी बसलं की माझा जीव मुठीत. तो म्हणतो, तू घाबरट आहेस. मी खरंच घाबरट आहे का?"

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. कधी लग्नाला सहा महिने झालेली मुलगी विचारते, कधी साठीच्या काकू. पण केवळ त्यासाठी म्हणून कुणी येत नाही. येतात झोप लागत नाही म्हणून, चिडचिड होते म्हणून. तासभर त्यावर बोलतात आणि निघताना, चप्पल घालता घालता, हे सांगून जातात. चप्पल घालताना सांगितलेली गोष्ट कान देऊन ऐकायची, हे मी या कामात जरा उशिराच शिकले.

वैशाली अशीच आली होती. नाव बदललं आहे, घरचे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केले आहेत आणि लिहायला तिची परवानगी आहे. वय ३४, पुण्यात बँकेत नोकरी, सात वर्षांचा मुलगा. सासर कराडजवळच्या गावात. महिन्यातून दोन शनिवार-रविवार तिकडे जायचा शिरस्ता. तक्रार अशी, की शुक्रवार उजाडला की पोटात गोळा येतो, डोकं ठणकायला लागतं आणि गेल्या वर्षभरात निम्म्या वेळा काही ना काही कारण काढून तिने जाणं टाळलं होतं. सासूबाई दुखावल्या होत्या. "सुनेला आमच्याकडं यायला नको वाटतं," असं त्या शेजारणीला म्हणाल्याचंही कानावर आलं होतं.

साहजिकच मी सासर उकरत बसले. पहिला अख्खा तास त्यात गेला आणि हाती काहीच लागलं नाही. सासूबाई चांगल्या होत्या. दर खेपेला शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायच्या, सुनेला सकाळी उठवायच्या नाहीत. मग दारात चप्पल घालताना वैशाली म्हणाली, "गंमत म्हणजे तिथं पोचल्यावर मला काहीच होत नाही हो. जे काय होतं ते रस्त्यातच."

पुढच्या वेळी रस्त्याबद्दल बोललो. पुणे ते कराड साधारण १६० किलोमीटर. सचिन, म्हणजे तिचा नवरा, गाडी १२०-१३०ने नेतो. ट्रकच्या मागे अगदी चिकटून जातो, दिवे मारत राहतो, जागा मिळाली की डावीकडून काढतो. येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं वळण आणि नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार, या दोन ठिकाणी ती डोळे मिटून घेते. त्या उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकांनी काय केलंय, हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. तिचा एक हात खिडकीवरच्या दांडीला आणि उजवा पाय समोरच्या पायपुसण्यावर दाबलेला. "तिथं ब्रेक नाही हे मला कळतं. पण घरी आल्यावर पोटरी दुखते." एकदा मागून मुलाने विचारलं, "आई, तू झोपलीस का देवाचं म्हणतेस?"

आता माझी चूक सांगते. मी तिला श्वासाचा व्यायाम शिकवला. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाय जमिनीला टेकलेत ते जाणवू द्या, बाहेरच्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. वाईट काहीच नाही त्यात, शेकडो जणांना उपयोग होतो. तीन आठवड्यांनी ती आली आणि म्हणाली, "व्यायाम जमतो मला. छाती धडधडत नाही आता. पण मॅडम, काटा १३०वरच असतो."

मी गप्प झाले. धोक्याची घंटा वाजत होती आणि मी तिला कानात बोळे घालायला शिकवलं होतं. जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो तेव्हा विचारला: दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसलं की काय होतं?

"दादाच्या गाडीत मला झोप लागते. कात्रज ओलांडायच्या आत."

एसटीत? झोप. ऑफिसच्या कॅबमध्ये? मोबाइल बघत बसते. म्हणजे हिला प्रवासाची भीती नव्हतीच. तुम्ही हा प्रश्न स्वतःला विचारलात आणि उत्तर उलटं आलं, म्हणजे सावकाश, जपून चालवणाऱ्याच्या गाडीतही घाम फुटतो, अपघातानंतर रिक्षासुद्धा नको वाटते, प्रवासाच्या कल्पनेनेच रात्र जाते, तर गोष्ट वेगळी. त्या भीतीवर उपचार आहेत आणि ते चांगले आहेत: छोट्या अंतरापासून सुरुवात करून, टप्प्याटप्प्याने, सोबत कुणीतरी घेऊन. पण ज्या बाईला भावाच्या गाडीत डुलकी लागते, तिच्या मनावर इलाज कसला करायचा?

शेजारी बसणाऱ्याला जास्त भीती वाटते हे मात्र खरं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. घाटात गाडी लागते ती बसणाऱ्याला, चालवणाऱ्याला क्वचित. आपण आता ब्रेक मारणार, आता वळणार, हे चालवणाऱ्याच्या शरीराला आधीच ठाऊक असतं. शेजारच्याला ते झाल्यावर कळतं. भीतीचंही तसंच. हातात काहीच नसलेला माणूस सावध राहण्यापलीकडे करणार काय?

तिला मी एक काम दिलं. गाडीत काही बोलायचं नाही. घरी पोचल्यावर वहीत लिहायचं, नेमकं कुठे आणि कशाने दचकलीस. दोन फेऱ्यांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या सात पुढच्या गाडीच्या फार जवळ गेल्याच्या, दोन डावीकडून ओव्हरटेक केल्याच्या, एक त्याने मोबाइल हातात घेतल्याची. नुसत्या वेगाची एकच. ही यादी बघून ती स्वतःच चकित झाली. इतकी वर्षं ती फक्त "हळू, हळू" म्हणत होती आणि तो काट्याकडे बोट दाखवून "शंभरच आहे" म्हणत होता. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होते.

सचिन यायला तयार झाला, हे विशेष. आल्या आल्या म्हणाला, "पंधरा वर्षं चालवतोय, गाडीला एक ओरखडा नाही. हिचा माझ्यावर विश्वास नाही, एवढाच प्रॉब्लेम आहे." त्याला मी ओला स्वेन्सन यांचा १९८१चा जुना अभ्यास सांगितला. आपल्या गटातल्या इतरांच्या तुलनेत तुम्ही कसे चालवता, असं त्यांनी अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या लोकांना विचारलं, तेव्हा अमेरिकी गटातल्या ९३ टक्के आणि स्वीडिश गटातल्या ६९ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. तो हसला. मीही त्यात आहे, हे कबूल केलं. माझ्या स्कूटरला चार ओरखडे असूनसुद्धा.

मग थोडं गणित केलं, इंजिनियर माणसाला ते बरं वाटतं. ताशी १००च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ब्रेक लागायच्या आधीच ४० मीटर संपले. ८०वरून १२०वर गेलं की वेग दीडपट होतो, पण टक्कर झाली तर आदळण्याची ऊर्जा सव्वादोन पट. आणि वाचतं किती? ९० किलोमीटर मोकळा रस्ता मिळाला, असं समजू (मिळत नाहीच), तरी १००ऐवजी १२०ने नऊ मिनिटं. खेड शिवापूरला एक चहा घेतला की फिटंफाट.

गणित त्याला पटलं, पण पटून माणूस बदलत नाही. खरी गोष्ट पाऊण तासाने बाहेर आली. मी विचारलं, ती "हळू" म्हणते तेव्हा तुमच्या आत काय होतं? बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत राहिला. "दिवसभर मला कोणी ना कोणी सांगत असतं. हे असं कर, ते तसं कर, किती वेळ लागेल. गाडीत बसलं की दोन तास माझे असतात. तिथंही हिचं 'हळू' आलं की मला मॅनेजर आठवतो." वैशाली त्याच्याकडे बघत होती. तिला हे नवीन होतं. तिच्या वहीतल्या सात नोंदी त्याला जेवढ्या नवीन होत्या, तेवढंच.

वैशालीला मी एकटीला आधीच एक प्रश्न विचारला होता, आणि तो तुम्हालाही विचारते: तुम्ही भीती वाटते म्हणालात की वेग कमी होतो, तसाच राहतो, की वाढतो? तिचं उत्तर होतं, "दोन मिनिटं कमी होतो, मग परत तसाच." असं असेल तर बोलायला जागा आहे. पण माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या एका बाईचं उत्तर होतं, "वाढतो. भांडण झालेलं असेल तर मुद्दाम गाडीतच बसवतात आणि पळवतात. मी रडायला लागले की थांबतात." याला वाहन चालवण्याची सवय म्हणत नाहीत. भीती घालून गप्प बसवणं आहे ते, गाडी फक्त हत्यार. तिथे मी नवराबायकोला समोरासमोर बसवून गणितं करत नाही. २००५च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात मानसिक छळही येतो. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे आणि मन मोकळं करायला १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक. अशा वेळी गाडीत वाद घालू नका. चहाला, बाथरूमला, कशालाही थांबायला सांगा, माणसं असतील तिथे उतरा आणि परत बसू नका.

वैशाली-सचिनचं तसं नव्हतं. त्यांच्यात ठरलं ते असं. गाडीचं बोलणं गाडीत नाही, आदल्या रात्री जेवताना. "अरे अरे अरे" करून त्याचा दंड पकडायचा नाही. त्याने तोही दचकतो, हे त्याचं म्हणणं रास्तच होतं. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडल्यावर आपण तिथे पोचेपर्यंत तीन सेकंद जायला हवेत; कमी झाले तर तिने फक्त "खांब" म्हणायचं. त्याच्या मॅनेजरने आयुष्यात कधी "खांब" म्हटलं नव्हतं, त्यामुळे तो शब्द त्याला झोंबला नाही. मोबाइल तिच्या पर्समध्ये. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, सासूबाईंसकट. आणि शेवटचं वैशालीने स्वतः मांडलं: हे पाळलं गेलं नाही तर पुढच्या वेळी ती आणि मुलगा स्वारगेटवरून एसटीने येतील. रुसून नाही, रागावून नाही. बायकांना तसंही अर्धं तिकीट आहे.

दोन फेऱ्या छान गेल्या. तिसरीत साहेबांचं विमान पुन्हा उडालं. चार वेळा "खांब" झाला, पाचव्यांदा तो म्हणाला, "पुरे आता." तिने उत्तर दिलं नाही. पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी ती मुलाला घेऊन स्वारगेटला जाऊन बसली.

त्याला हे लागलं, फार लागलं. गावात लोक काय म्हणतील, दारात गाडी असताना बायको एसटीने! तो एकटाच गाडी घेऊन गेला, अर्धा तास आधी पोचला आणि कराडच्या स्टँडवर तोंड फुगवून त्यांची वाट बघत उभा राहिला. घरी पोचल्यावर सासूबाईंनी सुनेला आत बोलावून विचारलं, भांडलात का? गेलं वर्षभर डोकेदुखी, ऑडिट, मुलाची परीक्षा अशी कारणं देणाऱ्या वैशालीने पहिल्यांदा खरं सांगितलं. "आई, मला इथं यायला आवडतं. ह्यांच्या गाडीत बसायला भीती वाटते."

सासूबाईंनी हातातली परात खाली ठेवली. "अगं मग आधी का नाही बोललीस? देवदर्शनाला नेतो तेव्हा मी मागं बसून सगळी रामरक्षा म्हणते, आणि ती संपली की परत पहिल्यापासून. मला वाटलं, मीच म्हातारी झाले म्हणून भ्यायला होतं."

सचिन तेव्हा पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या दारात आला होता. वैशाली सांगते, तो पाणी न पिताच परत गेला.