‘असंच असतं’ म्हणजे कसं?

प्रश्न : आमच्या ऑफिसात मीटिंग संपताना साहेब विचारतात, “कुणाला काही शंका?” सगळे गप्प. बाहेर आलो की जो तो दुसऱ्याला विचारतो, “तुला काही कळलं का?” आम्ही सगळे एवढे भित्रे आहोत का?

उत्तर : भित्रे कशाला? तुम्ही एकमेकांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावताय आणि तो चुकतोय. आपण का गप्प आहोत हे तुम्हाला ठाऊक असतं : कळलेलं नाही आणि विचारायची लाज वाटते. शेजारचा गप्प असला की मात्र तुम्ही धरून चालता, याला कळलेलं दिसतंय. तोही तुमच्या गंभीर चेहऱ्याकडे बघून हेच म्हणत असतो.

बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला खोलीत प्रश्नावली भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या झरोक्यातून हळूहळू धूर आत सोडायचा. माणूस एकटा असला तर चारांतले तिघे उठून बाहेर सांगायला गेले. पण सोबत दोन माणसं बसवली, त्यांना ‘काही झालं तरी ढिम्म राहा’ असं आधीच पढवून ठेवलेलं, तेव्हा दहांतला एकच उठला. बाकीचे खोकत, डोळे चोळत फॉर्म भरत राहिले! जिथे डोळ्यांत धूर जाऊनही माणूस शेजाऱ्याचा चेहरा प्रमाण मानतो, तिथे मीटिंगमधली एक शंका गिळणं काय अवघड?

उपाय सोपा आहे, पण तो मीटिंगच्या आधी करायचा. सोलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांनी १९५१च्या सुमारास रेषांची लांबी ओळखण्याचे प्रयोग केले होते. उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं, तरी आधी उत्तर देणारे सगळे, पढवून ठेवलेले, ठरवून एकच चुकीचं उत्तर देत. मग ज्याची खरी परीक्षा होती त्याची, त्यांच्या मागे जाऊन दिलेली चुकीची उत्तरं भरली साधारण एक तृतीयांश. मात्र त्या घोळक्यात बरोबर उत्तर देणारा एकच सोबती मिळाला, की हे प्रमाण पार कोसळायचं. म्हणून आत जाण्याआधी एका सहकाऱ्याला सांगून ठेवा, “मी विचारणार आहे, तू नुसतं ‘मलाही हे समजून घ्यायचंय’ म्हण.” तिसरा हात आपोआप वर येईल. (साहेबांना मुळात शंका नकोच असतील तर गोष्ट वेगळी. मग लेखी विचारा.)

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो, “कसे आहात?” असं विचारणाऱ्याला उत्तर ऐकायचंच नसतं, मग मी ‘मजेत’ असं खोटं का बोलू? त्याला काय सांगू?

उत्तर : अगदी बरोबर ओळखलंय म्हणून सांगा. मग ही गोष्ट सांगा. हॅरॉल्ड गार्फिंकेल नावाचे समाजशास्त्रज्ञ विद्यार्थ्यांना असाच गृहपाठ द्यायचे : रोजच्या बोलण्यातलं काहीच गृहीत धरू नका, प्रत्येक शब्दाचा खुलासा मागा. एकाने ‘कसा आहेस?’ला विचारलं, “कशाच्या बाबतीत? तब्येत, पैसे, अभ्यास, मनःशांती?” समोरचा लालबुंद झाला आणि म्हणाला, मी फक्त सभ्यपणे वागत होतो, तू कसा आहेस याच्याशी मला काडीचं देणंघेणं नाही!

तुमच्या मुलाला हे ऐकून आनंद होईल, होऊ द्या. पण त्याला विचारा, समोरचा एवढा चिडला का? कारण तो माहिती मागतच नव्हता. ‘तू मला दिसलास, आपलं बरं आहे’ एवढंच तो सांगत होता आणि याने हात पुढे करायच्या ऐवजी पावती मागितली. ‘मजेत’ हे खोटं नाही, ती पोच आहे. ज्याला खरंच ऐकायचं असतं तो थांबतो, दुसऱ्यांदा विचारतो. तेव्हा खरं सांगावं. हा फरक पंधराव्या वर्षी कळला तर पुष्कळ मिळवलं.

प्रश्न : आमचे हे म्हणतात, रूढी म्हणजे सगळी मेंढरं. एकूण एक मोडायला हव्यात.

उत्तर : त्यांना सांगा, रस्त्याच्या कुठल्या बाजूने गाडी चालवायची हीसुद्धा रूढीच. स्वीडनमध्ये डावी बाजू होती. १९५५च्या सार्वमतात ८० टक्क्यांहून जास्त मतदारांनी बदल नको म्हणून सांगितलं, तरी सरकारने पुढे तो केलाच. ३ सप्टेंबर १९६७च्या पहाटे पाच वाजता सगळा देश उजवीकडे वळला. सगळे एकदम वळले म्हणून जमलं. आदल्या दिवशी एकट्याने वळून दाखवणाऱ्याला बंडखोर कोण म्हणालं असतं?

प्रश्न : अमुक एक रीत निरर्थक आहे हे मला पक्कं पटलेलं असतं. तरी ती मोडायची वेळ आली की घशाला कोरड पडते. असं का?

उत्तर : या प्रश्नावर मी वर्गात तास घ्यायचे. विद्यार्थ्यांना सांगायचे, लिफ्टमध्ये दाराकडे पाठ आणि माणसांकडे तोंड करून उभं राहा. यात नियम नाही, दंड नाही, कुणाचं नुकसान नाही. तरी तोंडाने फाडफाड बोलणारी एक मुलगी कानाला बंद फोन लावून उभी राहिली, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की हिचं फोनमुळे भान नाही. तिने रीत मोडली आणि लगोलग सबबही पुरवली.

स्टॅन्ली मिलग्रॅमसारख्या खमक्या मानसशास्त्रज्ञाचंही हेच झालं. सत्तरच्या दशकात त्यांच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत अनोळखी प्रवाशांकडे, कसलंही कारण न देता, बसायची जागा मागितली. ६८ टक्के वेळा प्रवासी उठले किंवा सरकून बसले. पण स्वतः मिलग्रॅम मागायला गेले तर शब्द घशातच अडकले. कशीबशी जागा मिळाल्यावर, ती मागणं रास्त ठरावं म्हणून, आजारी असल्यासारखं वागावंसं वाटलं. मान खाली गेली, चेहरा पांढराफटक पडल्याचं त्यांना जाणवलं.

बघा, समोरचे बहुतेक जण जागा देत होते. अडवणारा बाहेर कुणी नव्हताच. तेव्हा घशाला कोरड पडली म्हणजे आपलं चुकतंय असं समजू नका, आणि आपण काही शूर करतोय असंही नको. आधी एवढंच बघा, ही रीत मोडल्याचा भुर्दंड कोण भरतंय. लिफ्टमध्ये उलटं उभं राहण्याचा तुम्ही भरता. रांग मोडण्याचा मागचे भरतात. ‘मी औपचारिकता मानत नाही’ म्हणत कायम उशिरा येणारे एक गृहस्थ माझ्या माहितीत आहेत. ते स्वतःला मुक्त विचारांचे समजतात, बाकीचे घड्याळाकडे बघत बसतात.

प्रश्न : मी आणि माझी मैत्रीण कित्येक वर्षं एकमेकींना वाढदिवसाच्या भेटी देतोय. मला कंटाळा आलाय, तिलाही आला असावा असा संशय आहे. कसं थांबवू?

उत्तर : विचारून. पण तिची भेट घरी आल्यावर नव्हे, दोघींचेही वाढदिवस लांब असताना. आणि ‘तुला कंटाळा आलाय का?’ असं विचारू नका, त्याला ती ‘छे गं!’च म्हणणार. आधी स्वतःचं सांगा : “मला हल्ली वस्तू शोधायचा कंटाळा येतो, त्यापेक्षा आपण एक संध्याकाळ बसू या का?” तिने सुटकेचा निःश्वास टाकला तर झालं काम. ती म्हणाली, “अगं, मला तर तुझ्यासाठी शोधायला फार आवडतं,” तर मात्र यंदाही दुकानात जा.