माझे वडील महाराष्ट्र पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. पोलिसांच्या पेन्शनला इन्कम टॅक्स माफ असतो म्हणतात, खरं आहे का?

नाही. पोलिसांच्या पेन्शनलाही इन्कम टॅक्स लागतो. राज्य सरकार आपल्याकडे पेन्शनवर कर घेतच नाही. पगारातून महिन्याला 200 रुपये जायचा तो व्यवसाय कर निवृत्तीबरोबर सुटला. इन्कम टॅक्स केंद्राचा, आणि त्याच्या लेखी पेन्शन म्हणजे पगारच, मग माणूस हवालदार असो की मंत्रालयातला क्लार्क. पेन्शन पूर्ण माफ आहे ती राष्ट्रपतींचं पोलीस शौर्य पदक किंवा पोलीस शौर्य पदक यांसारखं शौर्यपदक मिळालेल्यांना.

हे "पोलिसांना माफ असतं" मी निवृत्त झाल्यापासून ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो. आमच्या बॅचचा एक जण, तपासात एक नंबर, त्याला गुणवत्तापूर्ण सेवेचं पोलीस पदक मिळालं. मोठा मान आहे, मी कमी लेखत नाही. (माझ्याकडे महासंचालकांचं सन्मानचिन्ह आहे. त्यालाही करात काही सूट नाही.) नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत आम्हा म्हाताऱ्यांची गर्दी असते, तिथे त्याला एक एजंट चिकटला. पदकाच्या जोरावर रिटर्नमध्ये अख्खी पेन्शन करमुक्त दाखवली, कोषागाराने पेन्शनमधून कापलेला सगळा टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) परत आणला, कमिशन रोख घेतलं.

मग एका लग्नात, भर पंगतीत, जिलबी वाढत असताना हा मला म्हणतो, "काय रे जमादार, जन्मभर लोकांना कायदा शिकवलास, स्वतःचे चार पैसे सोडवता येत नाहीत?" मी म्हटलं, बाबा, तुझं पदक सेवेचं आहे, शौर्याचं नाही. तर म्हणे, पदक ते पदक! घरी आल्यावर बायकोचंही सुरू झालं, भावोजींना जमतं ते तुम्हाला का जमत नाही.

पुढे आयकर खात्याने शौर्यपदकाचा कागद मागितला. नोटीस त्याला कळलीच नाही, कारण आयकराच्या पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल दोन्ही एजंटचे. एजंटचा फोन बंद. शेवटी परताव्याचे पैसे व्याजासकट भरले. तरी अजून म्हणतो, पोलिसांवर अन्याय झाला.

अन्याय आहे, पण तो वेगळ्याच जागी. गडचिरोलीत नक्षल्यांशी एकाच चकमकीत सीआरपीएफचा जवान आणि आपला सी-60 चा (राज्य पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकाचा) जवान गेला, तर सीआरपीएफवाल्याच्या पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतन करमुक्त. त्या तरतुदीत केंद्राची सशस्त्र आणि निमलष्करी दलं आहेत, राज्य पोलिसांचं नावच नाही. आपल्या जवानाला शौर्यपदक मिळालं असेल तरच त्याच्या घरच्यांना सूट. भांडायचं तर यासाठी भांडा की! ते कोणी करत नाही, सगळ्यांना स्वतःचा टीडीएस सोडवायचाय.

तुमच्या वडिलांचं म्हणाल तर कर बहुतेक शून्यच येईल. आर्थिक वर्ष 2025-26 साठी नवीन रिजीममध्ये (नव्या कररचनेत) 75,000 चं स्टँडर्ड डिडक्शन धरून वर्षाला 12,75,000 पर्यंतच्या पेन्शनवर काही भरावं लागत नाही, आणि हवालदाराची पेन्शन त्याच्या कितीतरी आत असते. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, अंशराशीकरणाची (पेन्शनचा काही भाग सोडून एकरकमी घेतलेली) रक्कम, हे सरकारी नोकराला करमुक्तच. फक्त ते पैसे एफडीत टाकले की त्यावरचं व्याज उत्पन्नात येतं, ते पेन्शनमध्ये मिळवून बघा. आणि हो, आपण 58 ला निवृत्त होतो, 60 पर्यंत बँकेच्या लेखी ज्येष्ठ नागरिक नाही. म्हणजे 2025-26 मध्ये टीडीएस कापू नका म्हणून बँकेला द्यायचा फॉर्म 15एच नाही, 15जी भरायचा, आणि वर्षाचं व्याज 50,000 च्या वर गेलं की टीडीएस कापतात. ज्येष्ठांना तीच मर्यादा 1 लाख आहे. आकडे बजेटला बदलतात, त्या त्या वर्षी बघून घ्या. वर सगळं 2025-26 चं सांगितलंय.

वडिलांना पदक असेल तर प्रमाणपत्र काढून ते कशासाठी दिलंय ते वाचा. पोर्टलवर मोबाइल नंबर त्यांचाच आहे ना, तेही आजच तपासा. रिटर्न भरणारा परताव्याच्या टक्क्यात पैसे मागत असेल तर तिथून सरळ उठून या.